बिनकडीचं फाटक

आमच्या घरमालकांच्या फाटकाला कडी नव्हती. मोडली म्हणून नव्हे. होती ती त्यांनी स्वतः काढून टाकली होती. आत घोडी मोकळी, बाहेर वाशिमचा रस्ता, रस्त्यावर सारखे ट्रक, आणि मध्ये हे पत्र्याचं फाटक नुसतं लोटलेलं. नवा माणूस आला की हमखास विचारायचा, "घोडी पळून न्हाई जात का?"

मालक म्हणायचे, "जाते की."

विचारणारा तोंडाकडे बघत राहायचा.

जायची खरंच. कनेरगाव नाक्यावर माझी खानावळ पुढं आणि त्यांचं आवार मागं, फाटकाची वाट खानावळीच्या कडेनं. एकदा भर जेवणाच्या वेळेला घोडी आली आणि तिनं ज्वारीच्या पिठाच्या परातीत तोंड घातलं. गिऱ्हाईकं ताटं घेऊन उठली. मी उलथनं उचललं. मागच्या दारात मालक उभे, दोन्ही हात पाठीमागे.

"बाई, उलथनं खाली ठेवा."

"आन् पीठ? तुमी देता का भाकरी थापून?"

"पीठ मी आणून देतो. आधी उलथनं खाली."

मी ठेवलं. घोडी पोटभर खाऊन, पांढरं तोंड घेऊन आपली आपण मागं गेली. मालक तिच्या बाजूनं चालत गेले. धरलं नाही, हाकललं नाही. दुसऱ्या दिवशी दळण आलं. पण ताटं सोडून उठलेले दोन ड्रायव्हर काही परत आले नाहीत, ते मी मालकांना ऐकवलं. ते म्हणाले, "घोडी तर परत आली ना."

असा माणूस. भांडावं तरी कसं?

नवरा वारल्यावर मी पोरीला घेऊन नाक्यावर आले, ते हिंगोली जिल्हा व्हायच्या आधीचं. आम्ही बौद्ध, ते जमीनवाल्यांपैकी. नाक्यावरच्या शहाण्यांनी त्यांना विचारलं, ह्यांनाच काहून जागा दिली? मालक म्हणाले, "भाकरी चांगली करतात." आणि रोज माझ्याकडेच जेवायला लागले. तेव्हा विचारणाऱ्यांची तोंडं बंद झाली. आधी ते शाळेत मास्तर होते. पेन्शन पदरात पडायच्या आधीच नोकरी सोडलेली. बायको गेलेली, मूलबाळ नाही. मागच्या आवारात एक घोडी.

घोडी वरातीची होती. कुठल्या तरी बँडवाल्यानं नाचायला शिकवली होती, आणि नाचायला कसं शिकवतात ते सांगायला नको. कानाजवळ कुणाचा हात गेला की मान अशी वर फेकायची की माणूस आडवा. बँडवाला तिला काढूनच टाकणार होता, तेव्हा मालकांनी आणली. आणली आणि काही केलं नाही. रोज सकाळी रिंगणात जाऊन तिच्यापासून लांब उभे राहायचे. तिनं कान मागं पाडले की थांबायचे, कान सैल सोडले की पाऊलभर पुढं. वर्षभर हेच. मी म्हणायची, "मालक, एवढ्यात म्हैस असती तर दोनदा व्याली असती." शेवटी एका सकाळी घोडीनं कानाला हात लावू दिला. त्या दिवशी जेवताना ते भाकरी मोडायची विसरले.

तिला त्यांनी नाव ठेवलं नाही. मी कारण विचारलं. म्हणाले, "नाव ठेवलं की हाक मारावी वाटते. हाक मारली की तिनं यावं वाटतं. आली नाही की राग येतो. मग राग कुठं उतरणार?" मी तिला सटवी म्हणायची. मला राग येत होता, आणि मला त्याची लाज नव्हती.

पोरं यायला लागली ती कुणी बोलावली म्हणून नव्हे. नाक्यावर पत्ते कुटणारी, शाळा सोडलेली, घरात ताटं फेकणारी पोरं. आधी एक बघायला आलं, मग दुसरं, मग आयाबाप हाताला धरून आणायला लागले. सगळ्यांना एकच नियम. घोडीवर बसायचं नाही. मालक स्वतः कधी बसले नाहीत. काम सगळं जमिनीवर पाय ठेवून. लीद उचलायची, खरारा करायचा, पाणी दाखवायचं, मग तिच्या बाजूनं चालायचं. तोंडावरच्या मोरकीला दोर असायचा, पण तो सैल राहिला पाहिजे. आणि दोर बांधायचा तर सुरगाठीनंच. टोक ओढलं की सुटली पाहिजे. निरगाठ मारणाऱ्याला ते घरी पाठवायचे. "घाबरलेल्या जनावराला निरगाठ मारणं म्हणजे फास," असं म्हणायचे.

एका बागायतदाराचा पोरगा आला होता. बापावर हात उचललेला. गॉगल लावून मोटारसायकलीवरून उतरला, म्हणाला, "कुठाय घोडी? बसून दावतो."

"बसायचं नाही. ते घमेलं घे. लीद उचल."

पोरगा निघून गेला. दुसऱ्या दिवशी बाप भांडायला आला. "मास्तर, लीद उचलायला आमच्याकडं दोन गडी हायेत!"

मालक म्हणाले, "मग गड्यांना पाठवा. ते तरी सुधारतील."

मी स्वयंपाकघरात पदर तोंडात धरला. पण पोरगा चार दिवसांनी आपल्या पायानं आला. घोडीला दोरानं ओढायला लागला. तिनं चारी पाय रोवले. त्यानं सगळा जोर लावला, तिनं नुसती मान झटकली आणि पठ्ठ्या लिदीत बसला. पोरं हसायला लागली. मालक हसले नाहीत. म्हणाले, "ओढाओढीत तीच जिंकणार. हे ठाऊक असून ओढतोस कशाला?" पोरगा बराच वेळ तसाच खाली बसून राहिला. पुढं तो पावसाळाभर येत होता. आता त्याचं हिंगोलीला हळदीचं दुकान आहे. हमालांशी नीट बोलतो असं ऐकते.

सगळेच सुधारले असं मी म्हणणार नाही. एक पुढं डिझेल चोरताना सापडला. एकानं बायकोला टाकलं. घोडी काही देव नव्हती.

माझी सुजाता बाप गेल्यापासून बोलत नव्हती. मुकी नव्हती, पण विचारलेल्याला मान हलवायची, बास. दहावीत नापास झाली. मी ओरडायची, ती आणखी मिटायची. मालकांनी तिला कधी ये म्हटलं नाही. तीच भाजीची डेखं टाकायला मागं जायची, आणि हळूहळू तिथंच थांबायला लागली. लोक बोलले, पोरगी घोड्यात काहून? मी म्हणाले, "पोरगी माझी हाय, घोडी मालकांची. तुमचं काय हरवलं?"

तिला मालकांनी फक्त उभं राहायला लावलं. खांदे सैल, पाय रोवून, हात दिसतील असे. "हात लपवू नकोस. लपलेला हात तिला काठीसारखा दिसतो." पोरगी तासन् तास उभी. मला वाटायचं, माझ्या पोरीचा खांब करून राहिलेत. मग एक दिवस मी भाकरी टाकत होते. मागून आवाज आला, "हो मागं!" ठणठणीत. मला कळेना कुणाचा आवाज. बघते तर घोडी अंगावर चालून आली होती आणि सुजातानं तळवा पुढं केला होता. घोडी मागं सरकली, एक पाऊल, दुसरं पाऊल. तव्यावरची भाकरी करपली. करपू दिली.

त्यानंतर ती मलाच शिकवायला लागली. मी कडाडले की म्हणायची, "माय, तुझे कान मागं गेले." पुढं दहावी झाली, आणि हिंगोली आगारात कंडक्टर म्हणून लागली. एकदा तिच्या गाडीत दारू पिऊन एक जण दंगा करून राहिला होता. लोक म्हणाले, ढकलून द्या खाली. ती त्याच्या बाजूनं गेली, समोरून नाही. तळवे दाखवले, हळू आवाजात म्हणाली, "बसा मामा, तुमचा स्टॉप आला की मी सांगते." माणूस बसला आणि झोपला. गाडीतल्या एका बाईनं मला हे सांगितलं. मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "बराबर. बाजूनं गेली." आणि उठून गेले. कौतुकाचं त्यांना काही करता यायचं नाही.

पण मला लिहायचंय ते त्यांच्या हातांबद्दल.

हात त्यांचे कायम पाठीमागे. बाजारात, लग्नात, मयतीत. चहाचा पेला खाली ठेवला तरच घ्यायचे, कुणाच्या हातातून घ्यायचे नाहीत. नाक्यावरचे लोक म्हणायचे, "काय मालक, हात भाड्यानं दिलेत का?" फक्त रिंगणात गेले की हात पुढं यायचे. बाहेर आले की पुन्हा मागं. पोरांना शिकवायचं हात लपवू नका, आणि आपण असं. मी एकदा म्हणाले तसं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कारण मला कळलं ते दत्ताकडून. दत्ता ट्रकवर ड्रायव्हर. माझ्याकडे जेवायचा. बसायचा नेहमी कोपऱ्यात, डावी बाजू भिंतीला. एकदा मी म्हणाले, "त्या भिंतीला काय चिकटवलंय का तुला?" तो म्हणाला, "मावशी, डावा कान गेलेला हाय. त्या अंगानं कुणी बोललं तर कळत न्हाई. मंग लोक म्हंतेत, दत्त्याला माज आला."

"कशानं गेला?"

"शाळेत गुर्जीनं एक ठेवून दिली." ठेच लागली असं सांगावं तसं तो बोलला. "रगत आलं. बापानं नेलं व्हतं दुसऱ्या दिवशी गुर्जीकडं. मला वाटलं भांडायला. बाप म्हणला, हाडं तेवढी ठेवा गुर्जी, बाकी पोरगं तुमचं. मी काय पुन्हा शाळेत गेलो न्हाई. किन्नर म्हणून ट्रकवर चढलो, ड्रायव्हरच्या हाताखाली."

त्यानं शाळेचं गाव सांगितलं. मालकांचंही गाव तेच. माझ्या मनात आलं, दत्ताचा ट्रक उभा असतो त्या दिवशी मालक जेवायला येत नाहीत. पोट बरं नाही म्हणतात. मी ताट झाकून मागं नेलं. ते घोडीला खरारा करत होते.

"तो दत्ता, तुमच्या हातचा का?"

खरारा थांबला. "हो."

"म्हणून नोकरी सोडली?"

"सोडली. त्यानं काय कान परत आला?"

ते मीच म्हणणार होते. त्यांनी आधी म्हटलं म्हणून मी दुसरं बोलले. "मालक, ह्या सटवीपुढं वर्षभर उभं राहिलात. माणसापुढं एक दिवस उभं राहवत न्हाई?"

"घोडी मला ओळखत नव्हती, बाई. तो ओळखतो."

ताट ठेवून आले.

असं किती वर्षं चाललं. दत्ता पुढं जेवायचा, मालक मागं उपाशी. मला वाटायचं दत्ताला माहीत नाही. मग एक दिवस तो आला तो ट्रक लांब लावून, पोराला घेऊन. पोरगं बारा-तेरा वर्षांचं, मान खाली, दंडावर वळ. दत्तानं धुतलेला शर्ट घातला होता.

"मावशी, गुर्जी हायेत ना मागं?"

"तुला ठावं हाय?"

"पयल्यापासून. मी आलो की लपतेत त्ये." मग पोराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "ह्याला घोडीकडं आणलंय. ऐकत न्हाई. शाळा बुडवतंय. चार ड्रायव्हर सांगून राहिले, गुर्जीकडं पोरगं सुधरतं."

तो मागं गेला. मी हात धुऊन बापलेकांसाठी ताटं वाढायला घेतली. मला आनंद झाला होता. म्हणलं, आता बरं झालं, आता मालक एकदा पोटभर जेवतील. तेवढ्यात दत्ता परत आला.

"फाटक बांधलंय मावशी."

"फाटकाला कडी न्हाई रे. लोट."

"दोरानं बांधलंय."

बापलेक खानावळीत बसून राहिले. जेवले नाहीत. मी आतल्या दारानं मालकांकडं गेले. ते बाजेवर बसलेले, हात मांड्यांखाली दाबून.

"मालक, तो आलाय. भांडायला न्हाई. आपलं लेकरू घेऊन आलाय. तुमच्यापाशी आणलंय, कळतंय का?"

"ऐकलं मी."

"मंग उठा."

"त्याच्या पोराला मी काय सांगू? हात कसा ठेवायचा ते? मी सांगू?"

"काई सांगू नका. नुसतं उभं राहा. पोरींना, पोरांना सगळ्यांना तेच शिकवलं ना?"

ते उठले नाहीत. मी शिव्या घातल्या. घरमालकाला घालू नयेत तसल्या घातल्या. मग मी स्वतः फाटकाशी गेले. घोडीच्या मोरकीचा दोर होता, आणि गाठ निरगाठ. ह्या माणसानं निरगाठ मारली होती. नखं लावली, सुटेना. शेवटी दातानं सोडवली. फाटक उघडून पुढं पळाले, तर कोपरा रिकामा, दोन ताटं तशीच, आणि रस्त्यावर दत्ताचा ट्रक वळून राहिला होता. मी हाका मारल्या. कुठल्या कानानं ऐकणार होता?

त्यानंतर तो नाक्यावर थांबला नाही. नांदेडच्या बाजूची गाडी धरली असं कळलं, जेवायला वारंगा फाट्यावर असतो.

मालकांनी दोर पुन्हा कधी फाटकाला लावला नाही. खुर्ची फाटकात आणून बसायचे, तोंड रस्त्याकडं, हात पुढं गुडघ्यावर. आता पुढं होते हात. लोक म्हणाले, मालकाचे हात सुटले. मी म्हणाले, उशिरा सुटले. पोरं येत होती, शिकत होती, पण मालकांचं लक्ष ट्रकांच्या आवाजाकडं.

एकदा ते एसटीनं वारंगा फाट्याला गेले. नवा सदरा घालून गेले, संध्याकाळी परत आले.

"भेटला?"

"जेवत होता."

"मंग?"

"जेवणाऱ्या माणसाला उठवावं वाटलं नाही."

"अहो, ड्रायव्हर जेवतानाच तेवढा बसलेला सापडतो! मंग काय चालत्या गाडीत चढणार होता का?"

ते म्हणाले, "पुन्हा जाईन." गेले नाहीत. थंडीत छाती भरली. सुजातानं गाडी करून हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. तिथंच गेले.

दहाव्याच्या नंतर दत्ता आला. पुतण्यांनी आवार विकायला काढलं होतं, घोडीचं काय करायचं ते ठरलं नव्हतं. सुजाता रजा टाकून तिला चंदी खाऊ घालायला आली होती. दत्ता माझ्यासमोर बसला, पण कोपऱ्यात नाही.

"वारंग्याला कळलं मला," म्हणाला.

"तिथं आले होते रे तुझ्यासाठी."

"पाह्यलं मी. समोर चहाच्या टपरीवर बसले व्हते. म्हणलं, येतील आता. मुद्दाम हळू जेवलो. एक भाकर जास्तीची घेतली. मंग येष्टी आली आन् त्यात बसले."

"मंग तू काहून न्हाई उठलास?"

"मी काहून उठू मावशी? मी तर आलतो एकदा."

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

"पोरगा कुठाय?" मी विचारलं.

"गेलं पळून. पुण्याकडं हाय म्हंतेत. लई मारलं मी त्याला. मला दुसरं येतच न्हवतं." तो मागच्या दाराकडं बघत होता. "पोराचं नुसतं निमित्त व्हतं. शिकायला मीच आलतो, मावशी. कानाचं तर मी कवाच सोडून दिलं व्हतं. पण पोराच्या देखत फाटक बांधलं. ते न्हाई सुटलं."

मग तो उठून मागं गेला. मी दारात उभी राहिले. तो रिंगणात जाऊन नुसता उभा होता. घोडी त्याच्या डाव्या बाजूनं आली. त्याला टापांचा आवाज आला नाही. तिचं तोंड खांद्याला लागलं तसा तो दचकला आणि त्याचा हात वर गेला. घोडीनं मान फेकली, कान पाडले. दोघंही एकमेकांना भिऊन उभे.

सुजाता त्याच्या उजव्या बाजूला गेली. "काका, हात खाली घ्या. लपवू नका. दिसू द्या तिला. आता काही करू नका."

त्यानं हात खाली घेतला. तळवा उघडा ठेवला. मी भाकरी टाकायला आत गेले, भाकऱ्या झाल्या, परत आले, तरी ते तसेच. मालक असते तर म्हणाले असते, बराबर. ते नव्हते.

निघताना तो घोडीला काही बोलला नाही, आम्हाला राम राम घातला. बाहेर पडून, चारचौघं करतात तसं, त्यानं फाटक मागं ओढून घट्ट लावून घेतलं. सुजातानं हाक मारली, "काका, ते उघडंच असू द्या!"

त्याचा डावा कान आमच्याकडं होता. तो चालत राहिला.

सुजाता गेली आणि तिनं फाटक पुन्हा उघडलं.